खोट्या मेंढ्यांचा आठवडा

रेवा दुपारची झोपली की घरात जी शांतता होते तिचा मला अजूनही भरवसा वाटत नाही. आठ महिन्यांचं पोर. कधी तासभर झोपेल, कधी मी लॅपटॉप उघडून पहिली ओळ लिहीपर्यंतच पाय झाडू लागेल. पण त्या उन्हाळ्यात असा चोरलेला एकेक तुकडा जोडून मी आमच्या रिमुटाई गावच्या लोकर-कातरणी स्पर्धेचा प्रोग्राम नव्यानं लिहिला, आणि खरं सांगते, ऑफिसात पगार घेऊन मला इतकी मजा कधी आली नव्हती.

जुना प्रोग्राम ग्रेमचा. ग्रेम आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. माणूस सज्जन, पण त्याचा कोड म्हणजे झाडून कोपऱ्यात लोटलेली लोकर. एक झुपका ओढावा तर सगळा ढीग अंगावर. दोषांक मोजता मोजता मधेच तो डेटाबेसकडे धावे, तिथून मेंढ्यांचा आकडा आणी, दोन ओळी भागाकार करी, मग परीक्षकांच्या बटणांकडे पळे आणि येताना आणखी काहीतरी उचलून आणी. गेल्या वर्षी खुल्या गटाचा निकाल पडद्यावर आला तेव्हा अख्ख्या हॉलनं नाक मुरडलं. काहीतरी चुकलंय हे सगळ्यांना कळत होतं. कुठे, ते ग्रेमलासुद्धा दाखवता येईना. आणणं आणि मोजणं एकमेकांत इतकं गुंतलेलं की एकाला बाजूला ठेवून दुसऱ्याला तपासायची सोयच नव्हती. बिचाऱ्यानं समिती सोडली आणि शनिवार-रविवार मासे धरायला लागला.

मी कातरणीच्या शेडमध्ये वाढलेली. आई लोकर निवडायची आणि मी तिच्या पायाशी गठ्ठ्यावर झोपायचे. कातरणारा माणूस मेंढी आणायला डोंगरावर जात नाही, हे आम्हाला चालायला येण्याआधी कळतं. मेंढ्या आणून मागच्या खणात कोंडणारा माणूस वेगळा. त्या डोंगरावरून आल्या, ट्रकमधून आल्या की शेजाऱ्याच्या कुरणातून, कातरणाऱ्याला त्याचं काय? दार ढकलायचं, मेंढी ओढायची, मशीन चालवायचं. मग माझ्या प्रोग्रामनं तरी का धावाधाव करावी? मी त्याचे सरळ दोन भाग केले. एकाचं नाव ठेवलं 'नियम'. त्याला आकडे द्या, तो दोषांक देईल. आकडे कुठून आले हे त्याला ठाऊक नाही. डेटाबेस नावाची वस्तू जगात आहे हेही ठाऊक नाही. दुसरा 'आणणारा'. तो बटणांकडून, टॅबलेटवरून, कुठूनही आकडे आणतो आणि 'नियमा'च्या दाराशी उभे करतो. मोजण्यात नाक खुपसत नाही.

ज्या दिवशी हे दोघे आपापलं काम करून गुण्यागोविंदानं चालले, त्या दिवशी मी रेवाला उचलून स्वयंपाकघरात नाचले. ती खळखळून हसली आणि माझ्या खांद्यावर दूध ओकली. कौतुक झालं म्हणायचं!

त्याच संध्याकाळी माझी बहीण आली. हुइया. काळी बंडी, अंगाला मेंढीच्या चरबीचा वास, आणि चेहरा असा फुललेला की मला वाटलं हिनं कुठे लग्नच ठरवलं.

"ताई, मी खुल्या गटात नाव दिलं!"

"काय सांगतेस!"

"मग? या वर्षी जिंकेल त्याला जिल्ह्याच्या संघात घेणार आहेत. संघ ऑस्ट्रेलियाला जाणार. आत्ता नाही उतरले तर कधी? पुढच्या वर्षी कंबर म्हणेल, बाई, तू कोण, मी तुला ओळखत नाही."

हुइया सोळाव्या वर्षापासून कातरते. ऑस्ट्रेलियात कातरणीच्या मोठ्या फळीवर, त्या लाकडी मंचावर, उभं राहायचं, हे तिचं त्या वयापासूनचं वेड. तिनं रेवाला हवेत उडवलं, झेललं, पुन्हा उडवलं आणि मग एकदम थांबली.

"पण हिशेब तुझा आहे ना, ताई?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. रेवा मधल्या मधे लोंबकळत होती.

समितीची बैठक हॉलच्या मागच्या खोलीत, चहाच्या मोठ्या बंबाशेजारी. अध्यक्ष होहेपामामा. आईचा सख्खा भाऊ, म्हणून तर आमच्याशी जरा जास्तच कडक.

"फळीवर तुझी बहीण आणि हिशेबाला तू," मामा म्हणाला. "उद्या हुइया जिंकली तर लोक काय म्हणतील, आनाहेरा?"

"म्हणतील, छान कातरलं."

"म्हणतील, ताईनं छान मोजलं! दोघींतली एकच राहील. प्रोग्राम हवा तर हुइयानं नाव काढावं."

"आणि प्रोग्राम नको म्हटलं तर?" हुइयानं विचारलं.

"तर हातानं मोजू पूर्वीसारखं. पण संघासाठी जिल्ह्याला यंत्रावरचाच निकाल लागतो. हातानं मोजलेला धरत नाहीत."

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. प्रोग्राम राहिला तर हुइया नाही, आणि प्रोग्राम नसला तर हुइयाचं जिंकणं फुकट. ती हाताच्या घट्ट्यांकडे बघत बसली. मला वाटलं, माझा लॅपटॉप उचलावा आणि त्या बंबात टाकावा.

तेवढ्यात नोलीनमावशीनं तोंडातला स्कोन, तो चहाबरोबरचा जाड गोडसर पाव, संपवला. नोलीनमावशी म्हणजे खोऱ्यातल्या दुसऱ्या कातरणी-टोळीची मालकीण. तिचा मुलगा लॅकी या वर्षी जिंकणार असं सगळे धरून चालले होते, आणि सर्वांत जास्त ती स्वतः. तिच्या टोळीत आणि आमच्या टोळीत गेली वीस वर्षं चहा एकत्र होतो, बाकी काही नाही.

"मला द्या तो हिशेब आठवडाभर," ती म्हणाली. "मी पाडून दाखवते."

"मावशी, तुला कोड वाचता येतो?"

"मला माणसं वाचता येतात. कोड तू वाचून दाखव."

सगळे हसले. पण माझ्या डोक्यात मात्र लख्ख दिवा लागला. हे करता येईल! ग्रेमच्या प्रोग्रामचं हे कधीच करता आलं नसतं. तो तपासायचा तर हॉल हवा, फळी हवी, बटणं हवीत, शंभर मेंढ्या हव्यात. माझ्या 'नियमा'ला यातलं काहीच लागत नव्हतं. 'आणणाऱ्या'ला सुट्टी द्यायची आणि त्याच्या जागी नोलीनमावशीला बसवायची! ती हातानं जे आकडे घालील ते 'नियम' खरेच समजणार. त्याला फरक कळायचं कारणच नाही.

"मावशी, चल माझ्या घरी," मी जवळजवळ ओरडलेच. "खोट्या मेंढ्या घाल! हव्या तेवढ्या घाल!"

मामानं दाढी खाजवली. "ठीक. नोलीनला चूक सापडली नाही तर दोघी राहा. पण स्पर्धेच्या दिवशी निकालात काही वावगं निघालं, तर हुइया बाहेर. तिथल्या तिथे."

"कबूल," हुइया म्हणाली. माझ्या आधी म्हणाली.

तो आठवडा! नोलीनमावशी रोज रेवाच्या झोपेच्या वेळेला यायची, बूट दाराबाहेर काढायची, चवड्यांवर चालत आत यायची आणि टेबलाशी बसून दात-ओठ खात मेंढ्या रचायची. आमच्या स्पर्धेचा हिशेब तसा सोपा आहे. वेळ जितका जास्त तितके दोष. एकाच जागी दोनदा मशीन फिरवलं की लोकरीचे आखूड तुकडे पडतात, त्याचे दोष. ते फळीवरचे परीक्षक बटण दाबून मोजतात. आणि कातरलेल्या मेंढीच्या अंगावर ओरखडा किंवा राहिलेला झुपका सापडला की त्याचे दोष. ते मागच्या कोंडवाड्यातले परीक्षक मोजतात. शेवटी ज्याचे दोष सर्वांत कमी तो जिंकला. आधी संपवणारा जिंकतोच असं नाही.

मावशीनं काय काय घातलं! अंगभर ओरखड्यांची मेंढी. डोळ्याची पापणी लवायच्या आत कातरलेली मेंढी. उद्यापासून सुरू होऊन काल संपलेली मेंढी. 'नियम' एकेकीला शांतपणे मोजून काढत होता किंवा नम्रपणे नाकारत होता, आणि मावशी कागदावर तोच हिशेब करून, ओठ मुडपून, पुढची मेंढी रचत होती.

तिसऱ्या दुपारी ती एकदम गुदमरल्यासारखी हसायला लागली. तोंडावर हात धरून, रेवा उठू नये म्हणून डोळ्यांत पाणी आणून.

"काय झालं?"

"मी एक कातरणारा घातला. त्यानं एकाही मेंढीला हात लावला नाही. शून्य मेंढ्या, शून्य वेळ, शून्य दोष." तिनं पडदा माझ्याकडे वळवला. "पहिला नंबर!"

मीही बघतच राहिले. सर्वांत कमी दोष त्याचेच होते की! बसल्या जागी विजेता!

"माझ्या नवऱ्याला कळव हे," मावशी कुजबुजली. "तो तीस वर्षं याच पद्धतीनं जगतोय."

मी तिथल्या तिथे 'नियमा'त दोन ओळी घातल्या. मेंढी नाही तर नंबर नाही. मावशीनं पुन्हा तोच आळशी गडी घातला, 'नियमा'नं त्याला हाकलला, आणि आम्ही दोघींनी न बोलता एकमेकींच्या हातावर टाळी दिली. कुणीतरी आपल्या कामात चूक काढावी आणि आपल्याला त्याचा इतका आनंद व्हावा, हे मला नवीन होतं.

जाताना तिनं विचारलं, "याला नावं कळतात का गं? हुइया, लॅकी?"

"नाही. जागेचा आकडा फक्त. जागा एक, जागा दोन. नाव शेवटी पडद्यावर चिकटतं."

"म्हणजे मागच्या परीक्षकांसारखा." तिनं मान डोलावली, आणि पहिल्यांदा मला त्या मानेत थोडा विश्वास दिसला. मागचे परीक्षक कातरणी बघत नाहीत, त्यांनी बघायचीच नसते. मेंढी फळीवरून घसरगुंडीतून मागच्या कोंडवाड्यात जाते. कुणाच्या हातून आली हे त्यांना कळू नये, म्हणून मधे जाड कापडाचा पडदा. पुढच्या माणसानं मागे जायचं नाही, मागच्यानं पुढे यायचं नाही. ही आमची जुनी शिस्त. आजोबाच्या काळात एकानं पडद्याच्या फटीतून डोकावलं होतं, त्याच्या नातवंडांना अजून टोमणे बसतात.

शुक्रवारी मावशीनं समितीला सांगितलं, "चूक एक होती. मी काढली, पोरीनं दुरुस्त केली. आता नाही."

शनिवारी हॉल फुटायचा बाकी होता. बाहेर सॉसेज-पावाची रांग, आत बाकांवर माणसांवर माणसं, फळीवर सहा जागा, सहा मशीनं, आणि त्यांचा तो घोंगावणारा आवाज, जो आमच्यातल्या पोरांना अंगाईसारखा लागतो. रेवा माझ्या पाठीला बांधलेली. समितीनं हिशेबाच्या टेबलाशी माझ्या शेजारी मुद्दाम नोलीनमावशीला बसवलं होतं, तिच्या टॅबलेटवर 'नियमा'ची तिची वेगळी प्रत.

बारा जणांतले सहा अंतिम फेरीला जाणार होते. पहिल्या तुकडीतच हुइया आणि लॅकी दोघे. आमच्या डाव्या हाताला जागा एकवर हुइया, पार उजवीकडे सहावर लॅकी.

घंटा झाली! लॅकी काय कातरत होता, लोणी कापावं तसा. लोकर एका तुकड्यात गोधडीसारखी खाली उतरत होती. हुइयासुद्धा सुरेख चालली होती. मग तिच्या तिसऱ्या मेंढीनं अशी लाथ झाडली की मशीन हुकलं. मला इथून दिसलं. हुइयानं ओठ चावला, पुढे गेली, पण लय गेली ती गेलीच. लॅकीनं सर्वांत आधी संपवलं, हुइया चौथी.

मागचे आकडे टॅबलेटवरून आले. मी कळ दाबली. पडद्यावर निकाल झळकला.

पहिली हुइया. शेवटचा लॅकी.

हॉलमध्ये आधी एक सुस्कारा गेला. मग कुणीतरी मागून ओरडलं, "वा रे बहिणी!" आणि हशा उसळला. चांगला हशा नव्हता तो. माझे कान तापले. रेवानं माझी वेणी ओढली आणि मला ती तशीच ओढत ठेवावीशी वाटली.

हुइया फळीवरून उडी मारून टेबलाशी आली. घाम निथळत होता.

"ताई, हे माझं नाही."

"हुइया..."

"माझं नाही म्हणते ना! तिसरीला मी अक्षरशः ओरबाडलंय. आणि इथे लिहिलंय की माझ्या मेंढ्यांवर एक ओरखडा नाही. कुणाच्या आहेत या?"

होहेपामामा येऊन उभा राहिला. चेहरा दगडाचा. "काय ठरलं होतं, आनाहेरा?"

हुइया माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत ऑस्ट्रेलिया विझताना मला दिसत होतं. 'थांबा' एवढंच मला म्हणता आलं. शब्द सापडत नव्हते.

ते नोलीनमावशीला सापडले. तिनं मान वर न करता तिच्या टॅबलेटवर सगळे आकडे हातानं घातले होते. "होहेपा, जरा बस. तेच आकडे घातले, तोच निकाल आला. मोजणारा खोटं बोलत नाही. मी त्याला आठवडाभर ओळखते."

आणि मग माझं डोकं चालू झालं! गेल्या वर्षी याच ठिकाणी सगळे अडकले होते, कारण कुठे शोधायचं हेच कळत नव्हतं. या वर्षी अर्धा प्रोग्राम एका झटक्यात बाजूला झाला. 'नियम' स्वच्छ. मग चूक 'आणणाऱ्या'कडे, किंवा त्याच्या हातात आकडे देणाऱ्यांकडे.

"वेळ बरोबर आहे," मी भराभर बोलत सुटले. "लॅकीची वेळ लॅकीचीच आहे. बटणांचे आकडेही जुळतात, फळीवरचे परीक्षक समोर उभे आहेत. राहिले मागचे. मामा, मला मागे जाऊन बघायचंय."

"पुढच्या माणसानं मागे जायचं नाही."

"तुकडी संपलीय. परीक्षकांना चहाला बाहेर काढ."

"आणि हुइयाच्या बहिणीला त्या मेंढ्यांत एकटी सोडू?"

"मग मी जाते," नोलीनमावशी म्हणाली.

"लॅकीच्या आईला सोडू?"

मामानं आम्हा दोघींकडे पाहिलं, आणि एवढ्या तापलेल्या हवेतही त्याच्या मिशीत काहीतरी हललं. "दोघी जा. एकमेकींवर डोळा ठेवा."

म्हणून आम्ही गेलो. पुढे नोलीनमावशी, मागे मी, माझ्या पाठीवर रेवा. मागच्या बाजूला सहा कोंडवाडे ओळीनं. त्यांत नागड्या-पांढऱ्या, ओशाळलेल्या मेंढ्या, आणि प्रत्येक कोंडवाड्यावर ठळक रंगवलेला आकडा. लाल पाटीवर पांढरं एक, दोन, तीन... डावीकडून उजवीकडे, अगदी नीट. एकच्या कोंडवाड्यातल्या मेंढ्या गुळगुळीत, एक ओरखडा नाही.

"सगळं तर बरोबर दिसतंय," मी म्हणाले, आणि माझा धीर सुटायला लागला.

नोलीनमावशी एकच्या पाटीखाली वाकली. घसरगुंडीच्या तोंडात डोकं घालून तिनं आरोळी ठोकली, "ए! पलीकडे कोण आहे? हुइयाची जागा ना ही?"

मग त्या अंधाऱ्या फळकुटांतून एक ओळखीचा आवाज आला.

"आई? तू तिथे काय करतेस?"

लॅकी!

मावशी तशीच वाकलेली राहिली. मग हळूहळू तिनं डोकं बाहेर काढलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि एकाच वेळी पाट्यांकडे पाहिलं. डावीकडून उजवीकडे, अगदी नीट! पण आपण आता पाठीमागे उभ्या आहोत. हॉलमधून जे डावं ते इथून उजवं! एकच्या मागे सहाची पाटी, सहाच्या मागे एकची. हुइयाला लॅकीच्या मेंढ्यांचे गुण, लॅकीला हुइयाच्या. पुढचा माणूस मागे यायचा नाही, मागचा पुढे जायचा नाही, मग हे दिसणार कुणाला?

"कुणी लावल्या गं या पाट्या?" मावशीनं विचारलं, आणि विचारतानाच तिला उत्तर ठाऊक असल्यासारखी ती हसायला लागली.

पाट्या होहेपामामानं लावल्या होत्या. गेल्या वर्षी. स्वतः रंगवून, इथे मागे उभं राहून, कौतुकानं.

मी पळतच परत आले. रेवाला वाटलं हा खेळ आहे, ती पाठीवर चित्कारत होती. 'आणणारा' उघडला. मागून आलेला जागेचा आकडा उलटा घ्यायचा, एकचा सहा, दोनचा पाच, एवढी एकच ओळ. तिथेच लिहिली. 'नियमा'ला बोटही लावलं नाही. परीक्षकांचे आकडे जसेच्या तसे होते, फक्त ते ज्याचे त्याच्या दारात गेले. कळ दाबली. पहिला लॅकी. हुइया पाचवी. हॉलनं असा श्वास सोडला, जसं गाडीचं चाक खड्ड्यातून बाहेर यावं.

"बरोब्बर," हुइया म्हणाली. "हे माझं आहे. लाजिरवाणं आहे, पण माझं आहे."

मामा पाटीचा रंग हाताला लागल्यासारखे तळवे पुसत उभा होता. "म्हणजे गेल्या वर्षीसुद्धा...?"

"ग्रेमला माशांसकट परत बोलव," नोलीनमावशी म्हणाली.

"पण ठरलं होतं," मामा पुटपुटला. "निकालात वावगं निघालं तर..."

सगळे मावशीकडे बघू लागले. अट तिच्या समोर झाली होती, तिनं हूं म्हटलं असतं तर हुइया तिथेच संपत होती आणि लॅकीचा रस्ता मोकळा होत होता. मावशीनं चष्मा काढून बंडीला पुसला.

"अट हिशेबाची होती, होहेपा. हिशेब बरोबर होता. तुझ्या पाट्यांसाठी पोरगी बाहेर काढायची तर आधी तू अध्यक्षपद सोड." मग हुइयाकडे वळून, "आणि तू. तुझ्या तोंडानं 'हे माझं नाही' म्हणालीस म्हणून. नाहीतर मी तुझी बाजू घेते होय? जा, मशीनच्या पात्याचा कंगवा बदल, बोथट झालाय, मला इथून दिसतोय."

दुसऱ्या तुकडीनंतर बारांतले सहा ठरले. हुइया सहावी. कशीबशी, नखावर लोंबकळत, पण आत!

अंतिम फेरीत ती जागा चारवर आली आणि मला तिच्या पाठीवरूनच कळलं, आता हिला कुणी हात लावू नये. पहिली मेंढी, दुसरी, तिसरी. नाचावं तसे तिचे पाय सरकत होते, मेंढी तिच्या गुडघ्यांत रेवासारखी शांत पडायची. लॅकी पुढे होता, अर्धी मेंढी पुढे. हॉल उभा राहिला होता. "लॅकी! लॅकी!" आणि त्यावर चढून आमच्या टोळीच्या बायका, "हुइया-आ-आ!" लॅकीनं मशीन टांगलं, हात वर केले. हुइया दुसरी. तिनं हात वर केले नाहीत. ती गुडघ्यांवर तळवे टेकून श्वास घेत उभी राहिली.

मागचे आकडे यायचे होते. मी टेबलापासून उठले आणि चार पावलं लांब, सगळ्यांना माझे दोन्ही हात दिसतील अशी, रेवाला पुढे घेऊन उभी राहिले. मामानं माइक नोलीनमावशीच्या हातात दिला.

"कळ तू दाब आणि तूच वाच. तुझ्यावर कुणाचा संशय नाही."

तिनं कळ दाबली. लॅपटॉपच्या पडद्याची पाठ माझ्याकडे होती, आणि हॉलचा मोठा पडदा ती वाचेपर्यंत कोराच ठेवला होता. मी फक्त तिचा चेहरा बघत होते, आणि तो काही सांगेना. रेवा आपली माझ्या शर्टाचं बटण चोखत होती.

"मित्रांनो," मावशी म्हणाली. "वेळेत लॅकी पुढे आहे. मागच्या परीक्षकांना लॅकीच्या दोन मेंढ्यांवर झुपके सापडले. चार नंबरच्या मेंढ्यांवर," ती थांबली, "काहीही सापडलं नाही. जागा चार. हुइया."

छप्पर उडालं म्हणतात ते तेव्हा. टोप्या वर, चहा खाली, मामा चक्क रडत होता. लॅकी गर्दीतून टेबलापर्यंत आला.

"आई, पुन्हा एकदा चालव ना."

"हजारदा चालवलंय."

"कधी?"

"मागच्या आठवड्यात. जेवायला का नाही केलं म्हणून तू फोन करत होतास तेव्हा."

लॅकीनं डोकं खाजवलं, हसला आणि फळीकडे निघाला हुइयाशी हात मिळवायला. पण हुइया अजून तशीच उभी होती, गर्दीच्या डोक्यांवरून मला शोधत. माझ्यावर नजर पडताच तिनं ओरडून विचारलं,

"ताई, खरं?"

मी मान हलवली नाही. रेवाला एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं टेबलाकडे बोट दाखवलं. "मला काय विचारतेस? तिला विचार!"

नोलीनमावशी खुर्चीवर चढली. माइक बाजूला टाकला, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि आपल्या पोटच्या पोराच्या डोक्यावरून, साऱ्या हॉलच्या वर आवाज काढून ती ओरडली,

"खरं!"

रेवा दचकली, तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि मग सगळ्यांबरोबर तीही किंचाळली.